आषाढात पुन्हा पाझरणारी टाकी : प्लायवुडच्या समुद्री मत्स्यालयातील गळतीचे निवारण

प्लायवुडची खाऱ्या पाण्याची टाकी दसऱ्याला भरली जाते, उन्हाळाभर व्यवस्थित चालते, आणि पावसाळा लागला की समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक थेंब लोंबू लागतो. आतून सिलिकॉन लावून तो बंद केला जातो, दिवाळीपर्यंत तो खरोखरच बंद झालेला दिसतो, आणि पुढच्या आषाढात त्याच कोपऱ्यात तोच थेंब पुन्हा हजर होतो. माझ्या टाकीत २०२२, २०२३ आणि २०२४ असे सलग तीन पावसाळे हे घडले. पहिल्या दोन वेळा मी जे उपाय केले ते चुकीचे होते. आज मागे वळून पाहताना वाटते की मला सिलिकॉनने फसवले नाही, मिठाने फसवले.

टाकीची माहिती आधी देतो, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यावरच अवलंबून आहेत. कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या घराच्या तळमजल्यावर ती आहे. आतून ८ फूट लांब, ३ फूट रुंद आणि अडीच फूट उंच. पाणी २८ इंचांपर्यंत असते, म्हणजे खडक वजा जाता सुमारे १,५०० लिटर. तळ, पाठ आणि दोन्ही बाजू १८ मिमी मरीन प्लायच्या दोन-दोन थरांच्या आहेत. हा प्लाय आयएस ७१० प्रतीचा असून दुकानात नुसते ‘सातशेदहा’ म्हटले तरी समजते. आतून इपॉक्सी रेझिनचा लेप आहे. समोरची १९ मिमीची काच चौकटीला आतल्या बाजूने चिकटवलेली आहे, त्यामुळे पाण्याचा दाब काचेला चौकटीवर दाबूनच धरतो. २८ इंच पाण्याचा ८ फुटी बाजूवरील एकूण दाब साधारण ६३० किलो वजनाइतका भरतो, आणि तो खाली जास्त व वर कमी असल्यामुळे त्याचे केंद्र तळापासून एक तृतीयांश उंचीवर येते. थोडक्यात, सर्वांत जास्त सोसावे लागते ते चौकटीच्या खालच्या आडव्या पट्टीला, आणि माझा थेंब त्याच पट्टीच्या डाव्या टोकाला दिसत होता.

काचेच्या टाकीत जिथून पाणी निसटते तिथेच ते बहुधा दिसते. प्लायवुडच्या टाकीत तसे गृहीत धरता येत नाही. लेपाखाली किंवा सिलिकॉनखाली शिरलेले पाणी वाट मिळेल तसे आडवे सरकते आणि जिथे त्याला हवा लागते तिथे बाहेर येते. त्यामुळे ओल दिसेल तिथे सिलिकॉन भरणे म्हणजे बहुतेक वेळा नदीच्या मुखाशी बांध घालण्यासारखे असते. वरचे पाणी दुसरी वाट शोधणारच.

थेंब आहे तरी कशाचा

पावसाळ्यात टाकीजवळ ओल दिसली की घरातले प्रत्येक जण ‘हवाच दमट आहे’ असे म्हणून मोकळे होतात. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, पण तपासून घ्यावे. काचेवर दव धरायचे असेल तर काच हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असावी लागते. रीफ टाकीचे, म्हणजे प्रवाळांच्या टाकीचे, पाणी २५ ते २६ अंशांवर असते आणि कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्येही दवबिंदू सहसा त्याच्या खालीच राहतो. पाणी थंड करणाऱ्या चिलरच्या नळीला घाम सुटू शकतो, टाकीच्या काचेला नाही. शंका असेल तर तो थेंब ड्रॉपरने उचलून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे हजार भागांत मीठ किती ते दाखवणाऱ्या उपकरणावर, ठेवावा. दवाचे पाणी शून्याच्या आसपास दाखवते आणि गळतीचे पाणी ३५ किंवा त्याहून जास्त, कारण बाहेर येता येता त्यातील काही पाणी उडून गेलेले असते. माझा थेंब ४१ दाखवत होता.

दुसरी शक्यता वरून उडणाऱ्या तुषारांची. पंपाच्या झोताने पृष्ठभागावर फुटणारे बुडबुडे काचेच्या वरच्या कडेवर मिठाची पांढरी नक्षी काढतात आणि ते मीठ ओघळून खाली येते. अशा वेळी ओघळाची पांढरी रेघ वरपासून खालपर्यंत सलग दिसते. ओल्या फडक्याने काच पुसून एक दिवस वाट पाहिली की निर्णय होतो.

रंगाकडेही लक्ष द्यावे. पाझरलेले पाणी स्वच्छ असेल तर ते बहुधा लेप आणि काच यांच्यामधून आले आहे. चहासारखे तांबूस असेल तर ते प्लायच्या आतून किंवा साध्या लोखंडी स्क्रूजवळून आले आहे. हिरवट असेल तर त्याच दिवशी टाकी रिकामी करावी, कारण याचा अर्थ कोठे तरी पितळी स्क्रू पाण्याला लागला आहे आणि पितळेतील तांबे प्रवाळ, कोळंबी व शंख-शिंपल्यांच्या वर्गातील जिवांना विषासारखे आहे. माझे पाणी पहिल्या दोन वर्षी स्वच्छ होते, तिसऱ्या वर्षी त्याला हलकी तांबूस छटा आली, आणि त्या छटेनेच मला जागे केले.

पाण्याच्या खारटपणावरून गळती ओळखण्याची एक पद्धत सांगितली जाते. ती बरोबर आहे, पण तिला मर्यादा आहे. बाष्पीभवनात मीठ मागे राहते आणि गळतीत ते पाण्याबरोबर जाते, त्यामुळे पातळी उतरली की आपोआप उघडणाऱ्या फ्लोटमधून गोडे पाणी भरत राहिलेल्या गळक्या टाकीचा खारटपणा हळूहळू उतरतो. १,५०० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर गळत असेल तर महिन्याभरात ३५ चा आकडा सुमारे ३३.६ वर येतो आणि तो लक्षात येतो. परंतु कोपऱ्यातून दिवसाला पन्नास मिलि पाझरत असेल तर तो फरक प्रोटीन स्किमरने (फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राने) बाहेर टाकलेल्या पाण्यातच बुडून जातो. मी वर्षभर खारटपणाच्या नोंदी पाहून निर्धास्त राहिलो होतो, ते याच कारणाने.

हिवाळ्यात गळती थांबत नाही

नोव्हेंबर ते मे या काळात माझा कोपरा कोरडा असे. त्यावर फक्त पांढऱ्या मिठाची एक कपची धरलेली असे आणि मी ती दर रविवारी ब्लेडने खरवडून टाकत असे. २०२४ च्या जानेवारीत एकदा ती कागदावर गोळा केली आणि गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, काम करणाऱ्या एका मित्राच्या काट्यावर तोलली. आठवड्याची कपची १२ ग्रॅम भरली. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. म्हणजे १२ ग्रॅम मीठ मागे राहण्यासाठी साधारण ३४० मिलि पाणी आठवडाभरात त्या कोपऱ्यातून बाहेर येऊन उडून गेले होते, म्हणजे रोज सुमारे ५० मिलि. जो कोपरा मी ‘बंद झाला’ म्हणून सांगत होतो, तो रोज चहाचा अर्धा कप पाणी सोडत होता.

यातील यंत्रणा स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीत दिसते. आषाढात मिठाला पाणी सुटते म्हणून आपल्याकडे बरणीत तांदळाचे दाणे टाकतात. साधे मीठ हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की बाष्प ओढून घेऊन विरघळू लागते. समुद्री मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते त्याही आधी ओलसर होते. कोरड्या दिवसांत गळतीच्या तोंडाशी पाणी उडते, मीठ साचते आणि ते मीठच बुचासारखे बसते. पाणी त्या बुचातून केशाकर्षणाने झिरपत राहते, पण थेंब म्हणून दिसत नाही. पावसाळ्यात आर्द्रता अनेक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, बूच विरघळते, बाष्पीभवन जवळपास थांबते, आणि आतापर्यंत गुपचूप उडून जाणारे पाणी थेंबाच्या रूपाने समोर येते. शिवाय बूच गेल्यामुळे प्रवाहही वाढतो. माझ्याकडे जुलैमध्ये कोपऱ्याखाली ठेवलेल्या वाटीत दिवसाला ४०० मिलिपर्यंत पाणी साठत असे.

दिवाळीच्या सुमारास गळती ‘थांबते’ ती हवा कोरडी होऊ लागते म्हणून, आणि आपण ऑगस्टमध्ये लावलेल्या सिलिकॉनला श्रेय देतो. दुरुस्ती यशस्वी झाली की नाही हे हिवाळ्यातच ठरवायचे असेल तर कपची खरवडून तोलावी. पाझर खरोखर बंद झाला असेल तर कपची पुन्हा धरतच नाही.

भोक कोठे आहे ते शोधणे

हे काम मात्र पावसाळ्यातच करावे, कारण मिठाचे बूच नसते तेव्हाच वाट मोकळी असते. सर्व पंप बंद करून फक्त हवेचा (बुडबुडे सोडणारा) एक दगड चालू ठेवावा आणि एका वेळी तासाभरापेक्षा जास्त पंप बंद ठेवू नयेत. पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा एक फूट लांबीचा तुकडा उभा चिरून त्याची पन्हाळी करावी, ती काच आणि पट्टी यांच्या सांध्यावर आतून उपडी दाबून धरावी आणि सिरिंजने तिच्या पोकळीत खाण्याचा लाल रंग सोडावा. पन्हाळीमुळे रंग पसरत नाही आणि सांध्यालगत टिकून राहतो. बाहेर कोपऱ्याला पांढरा टिश्यू पेपर चिकटवून ठेवावा. सांध्याचे एक-एक फुटाचे भाग मार्करने आखून रोज दोन भाग तपासावेत. रंगाने जिवांना अपाय होत नाही आणि सक्रिय कोळशाच्या पिशवीने तो दोन दिवसांत निघून जातो.

ज्या कोपऱ्यात थेंब होता त्या पहिल्या फुटात काहीच घडले नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या फुटात रंग सोडल्यावर चाळीस मिनिटांनी बाहेरच्या कागदावर गुलाबी ठिपका उमटला. म्हणजे पाणी कोपऱ्यापासून सुमारे अडीच फुटांवर शिरत होते आणि सिलिकॉनखालून आडवे सरकत कोपऱ्यात येत होते. दोन वर्षे मी त्या कोपऱ्यात सिलिकॉनच्या नळ्या रिकाम्या करत होतो आणि भोक हाताच्या अंतरावर स्वस्थ बसले होते.

रेझिनचा घाम

डिसेंबरात टाकी रिकामी करून काच काढली. साडेसात फूट लांबीची ही काच ७५ किलोंहून जड आहे. चार सक्शन कप आणि गल्लीतल्या तालमीतील चार पोरे, एवढी जुळणी लागली. (पोरांना वजनाचे काही वाटले नाही, पण काच हे वजन वेगळ्या जातीचे आहे हे त्यांना आधी समजावून सांगावे लागले.) काचेच्या बाजूचे सिलिकॉन ब्लेडने खरवडावे लागले. पट्टीच्या बाजूचे मात्र जवळपास अडीच फूट लांब एकसंध निघून आले, केळीच्या सालीसारखे, आणि त्याची खालची बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. पहिल्या वर्षी आतून भरलेली सिलिकॉनची पट्टी तर जुन्या सिलिकॉनवरून दुधावरची साय उचलावी तशी उचलली गेली. सुकलेल्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन धरत नाही, हे मी वाचलेले होते, फक्त मानलेले नव्हते.

काच व्यवस्थित धरली होती आणि पट्टी धरली नव्हती, याचा अर्थ दोष सिलिकॉनचा नव्हता, इपॉक्सीच्या पृष्ठभागाचा होता. तो दोष मला दाखवला तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न बनवणाऱ्या ज्येष्ठ मिस्त्रींनी. त्यांची हयात लाकूड आणि रेझिन हाताळण्यात गेली आहे. त्यांनी पट्टीवर ओले बोट फिरवले, दोन बोटे एकमेकांवर घासली आणि विचारले, “पावसात रेझिन लावलासा व्हय?”

“होय मामा, जुलैत.”

“मग घाम सुटणारच की त्याला.”

खरोखरच तो लेप २०२१ च्या जुलैत दिलेला होता. पंचगंगेला पूर आला होता, कामावर जाणे शक्य नव्हते, आणि घरात बसून काय करायचे म्हणून मी तीन दिवसांत चार थर उरकले होते. इपॉक्सी घट्ट करणाऱ्या हार्डनरमध्ये अमाइन नावाचे रसायन असते. हवा दमट असेल तर ते पृष्ठभागावर येऊन हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावते व एक पातळ, मेणचट, साबणासारखा बुळबुळीत थर तयार होतो. डोळ्यांना तो फारसा दिसत नाही. तो पाण्यात विरघळतो आणि त्याच्यावर पुढचा रेझिनचा थरही नीट धरत नाही, सिलिकॉनही धरत नाही. म्हणजे मी साबणावर काच चिकटवली होती आणि तिच्यामागे दीड टन पाणी उभे केले होते. मी घेतलेला हार्डनर लवकर सुकणारा होता. विक्रेत्याने पावसाळ्यासाठी तोच चांगला म्हणून दिला होता आणि मलाही तो युक्तिवाद पटला होता. पण सुकण्याची घाई आणि घाम येण्याची प्रवृत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत.

हा थर काढताना एक क्रम पाळावाच लागतो. आधी कोमट साध्या पाण्याने आणि भांडी घासण्याच्या हिरव्या पॅडने घासावे, पाणी वाळण्याआधी कागदी रुमालाने टिपून घ्यावे, असे दोन-तीनदा करावे आणि मगच ८० नंबरचा पॉलिश पेपर मारावा. आधीच पेपर मारला तर मेणचट थर निघत नाही, तो ओरखड्यांत भरला जातो. नुसत्या थिनरने किंवा अॅसिटोनने पुसूनही तो पूर्ण जात नाही. जिथे जुने सिलिकॉन लागलेले असेल तिथे तर पेपर मारण्यापूर्वी ब्लेडने शेवटचा कण काढावा, नाही तर घासताना सिलिकॉनची अदृश्य फिल्म सर्वत्र पसरते.

नवे काम टाकीवर करण्यापूर्वी प्लायच्या तुकड्यावर परीक्षा घ्यावी, हा माझा आग्रह आहे. त्याच रेझिनचा लेप देऊन, त्याच पद्धतीने धुऊन-घासून, त्यावर बोटभर रुंद सिलिकॉनची पट्टी लावावी, पंधरा दिवस सुकू द्यावी, आठवडाभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावी आणि मग एक टोक सोडवून जोराने ओढावी. सिलिकॉन मध्येच फाटले आणि त्याचा थर लेपावर राहिला तर जोड पक्का आहे. पट्टी स्वच्छ सोलून निघाली तर पृष्ठभाग नापास आहे, आणि हे टाकीत कळण्यापेक्षा तुकड्यावर कळलेले बरे. माझे पहिले दोन तुकडे नापास झाले होते.

सिलिकॉनची रुंदी आणि आणखी एक गैरसमज

काच काढल्यावर दुसरी गोष्टही दिसली. चौकटीवर काचेचा ७५ मिमी भाग बसत होता आणि जितके जास्त तितके पक्के, या समजुतीने मी पूर्ण ७५ मिमी सिलिकॉन भरले होते. मधल्या भागाला तीन वर्षांनंतरही व्हिनेगरचा वास येत होता. सिलिकॉन हवेतील बाष्प घेऊन कडेकडून आत सुकत जाते, पहिल्या दिवशी २ ते ३ मिमी आणि पुढे क्रमाने सावकाश. एका बाजूला काच आणि दुसऱ्या बाजूला इपॉक्सी असेल तर बाष्पाला शिरायला फक्त दोन कडा उरतात. रुंदी दुप्पट केली की लागणारे दिवस साधारण चौपट होतात. २५ मिमी रुंदीच्या पट्ट्याला अडीच-तीन आठवडे पुरतात, पण ७५ मिमीला काही महिने लागतात आणि मी चौथ्या दिवशी पाणी भरले होते.

यात कोल्हापूरच्या हवेची एक गंमत आहे. इपॉक्सीला कोरडी हवा लागते आणि सिलिकॉनला दमट. फेब्रुवारी-मार्चमध्ये लेप उत्तम होतो, पण सिलिकॉन रेंगाळते. त्यावर उपाय म्हणून मी खोलीत दोरीवर ओले गोणपाट टांगून ठेवले आणि दिवसातून दोनदा त्यावर पाणी मारले.

स्टँडकडे मी उशिरा पाहिले, पण दोष तिथेही थोडा होता. उद्यमनगरात वेल्ड करून घेतलेल्या अँगलच्या स्टँडचा मागचा एक पाय शहाबादी फरशीच्या ढिल्या तुकड्यावर होता. पाणसळीच्या नळीने मोजल्यावर तो पाय ४ मिमी खाली निघाला. प्लायची पेटी अशी पिळवटली तरी सोसते, काच पिळवटत नाही, आणि त्यांच्यातील फरक कोपऱ्यातील सिलिकॉनला सोसावा लागतो. फरशी काढून काँक्रीट केले आणि विषय संपवला.

प्रत्यक्ष दुरुस्ती

जीव कोठे ठेवायचे हा पहिला प्रश्न असतो. मी ५०० लिटरच्या दोन काळ्या पाण्याच्या टाक्या आणल्या, जुने पाणी शक्य तितके त्यांतच साठवले, कारण १,५०० लिटर पाणी नव्याने करायचे म्हणजे पन्नास किलोंहून जास्त मीठ लागते. प्रवाळांवर जुनेच दिवे टांगले आणि खडक ओलेच ठेवले. याच काळात एकाने सुचवले की टाकी रिकामीच आहे तर मालवणहून थोडे जिवंत खडक आणू. तसे करू नये. खडक घडवणारी प्रवाळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ती समुद्रातून काढणे हा गुन्हा आहे.

त्यानंतर प्लाय वाळवणे. येथे बहुतेकांची घाई होते आणि मिठाचा विषय पुन्हा येतो. ज्या भागात खारे पाणी मुरले आहे तो नुसता वाळवला तर मीठ लाकडातच राहते, ते पुढेही हवेतून ओल ओढत राहते आणि नव्या लेपाला आतून सोलते. म्हणून ओला भाग आधी गोड्या पाण्याने धुवावा लागतो. मी खराब लेप खरवडून काढला, टोच्याने सगळीकडे टोचून पाहिले (प्लाय काळवंडला होता, पण भुसभुशीत झाला नव्हता; तसा झाला असता तर तेवढा भाग कापून नवा बसवावा लागला असता), जुन्या सुती साडीच्या घड्या गोड्या पाण्यात भिजवून त्यावर रात्रभर चिकटवल्या आणि सकाळी पिळलेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजला. सहाव्या दिवशी तो नळाच्या पाण्याच्या जवळ आला. मग पंखा लावून पाच आठवडे वाळवले. सुताराकडील ओलावामापकाने १२ टक्क्यांच्या खाली आकडा दाखवल्यावरच पुढचे काम हाती घेतले.

लेप फेब्रुवारीत दिला, आणि दर वेळी दुपार उतरल्यावर. लाकूड तापत असताना त्यातील हवा फुगून लेपातून बुडबुडे काढते आणि प्रत्येक बुडबुड्यामागे सुईएवढे भोक राहते. लाकूड थंड होत असताना तीच हवा आकसते आणि रेझिन आत ओढले जाते. कोपऱ्यांत सिलिका पावडर मिसळलेल्या रेझिनची गोलाई भरून त्यावर फायबरग्लासचे कापड बसवले. रेझिन आणि हार्डनर डोळ्यांच्या अंदाजाने न मिसळता काट्यावर तोलले. तीन थर झाल्यावर पंधरा दिवस हात लावला नाही, त्यानंतर पुन्हा पाण्याने धुणे आणि पेपर मारणे.

काच बसवताना सिलिकॉनचा पट्टा २५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड राहील अशी व्यवस्था केली. जाडी राखण्यासाठी सिलिकॉनच्याच सुकलेल्या चकत्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला ठेवल्या, जेणेकरून काचेच्या वजनाने सिलिकॉन पिळून निघणार नाही. बुरशीरोधक मिसळलेले बाथरूमचे सिलिकॉन या कामाला चालत नाही, कारण त्यातील औषध पाण्यात उतरते. चार आठवडे थांबून मग गोडे पाणी भरले, एकदम न भरता रोज सात-सात इंच, आणि प्रत्येक टप्प्यावर समोरच्या वरच्या कडेला दोरा ताणून काच-चौकट किती फुगते ते मोजले. पूर्ण भरल्यावर फुगवटा २ मिमी होता आणि पंधरा दिवसांत तो वाढला नाही. गोडे पाणी सोडून खारे पाणी आणि जीव परत घातले तेव्हा एप्रिलचा शेवटचा आठवडा होता.

२०२५ च्या पावसाळ्यात स्टँडच्या कडेवर, काचेच्या बरोबर खाली, लाल रांगोळीची एक सरळ रेघ ओढून ठेवली. रांगोळीवर एक थेंब जरी पडला तरी तेवढी जागा गडद होते आणि वाळल्यावरही डाग राहतो, त्यामुळे रात्री पडलेला थेंबही सकाळी सापडतो. आषाढ आणि श्रावण कोरडे गेले. भाद्रपदात रेघेला नव्हे, पण मागच्या बाजूला ओव्हरफ्लोच्या, म्हणजे वरचे जादा पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपच्या, टँक कनेक्टरखाली ओल सापडली. तिथे रबरी वायसर नटाच्या बाजूला, म्हणजे टाकीबाहेर, बसवलेला होता. तो आतल्या कॉलरखाली असायला हवा, नाही तर पाणी आट्यांवरून प्लायच्या भोकात शिरते. पाणी तेवढे उतरवून कनेक्टर काढला, भोकाच्या कडेचा उघडा प्लाय धुऊन, वाळवून त्याला दोन वेळा रेझिन पाजले, वायसर आत घेतला आणि नट हाताने घट्ट करून वर फक्त पाव वेढा पान्याने दिला. आता रांगोळीची दुसरी रेघ तिथेही आहे.